कायद्याचा विद्यार्थी आणि व्याजाचा हिशेब

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला पांडेसरा नावाची वसाहत आहे. कापड रंगवणाऱ्या आणि छापणाऱ्या गिरण्या, त्यांची धुराडी, आणि त्या धुराड्यांच्या आधाराने वाढलेल्या खोल्यांच्या रांगा असे तिचे स्थूल रूप. ओडिशातील गंजाम, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले कामगार येथे राहतात आणि त्यांच्या बरोबरीने आपले खानदेशी लोकही राहतात. भुसावळकडे जाणारा ताप्तीकाठचा लोहमार्ग उधन्याहून फुटतो. त्या वाटेने नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतील कुटुंबे दोन-तीन पिढ्या इकडे येत राहिली आणि येथलीच झाली.

संध्याकाळी पाळी सुटण्याच्या सुमारास आमच्या गल्ल्यांतून एक गृहस्थ दुचाकीवर हिंडताना दिसतो. चहाच्या टपरीपाशी तो थांबतो, भाजीवालीपाशी थांबतो, शिंप्याच्या दारात थांबतो. प्रत्येकाकडून शंभराची एक नोट घेतो, एका पुठ्ठ्याच्या कार्डावरील चौकटीत खूण करतो आणि पुढे जातो. त्याचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. कित्येक वर्षे मी त्याला पाहत होतो, परंतु त्या कार्डावर काय लिहिलेले असते हे विचारण्याची बुद्धी मला, गणित शिकवणाऱ्या मास्तराला, कधी झाली नाही. ती एका कायद्याच्या विद्यार्थ्याला झाली. आजचे माझे भाषण त्या कार्डापासूनच सुरू होते.

मी मराठी शाळेत अंकगणित शिकवतो. माझ्या हाताखालून गेलेली काही मुले आता कायद्याच्या महाविद्यालयात आहेत. सकाळी तास, दुपारी एखाद्या वकिलाच्या कार्यालयात उमेदवारी, आणि रात्री घरातील शिलाईचे किंवा हिशेबाचे काम असा त्यांचा दिवस असतो. तीन वर्षांच्या कायद्याच्या शिक्षणक्रमाला कोणत्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. त्यामुळे त्यांच्यापैकी कित्येकांचा दहावीनंतर आकड्यांशी संबंधच आलेला नव्हता. रविवारी दुपारी आपण आम्हांला थोडे अर्थशास्त्र शिकवाल काय, असे त्यांनी मला विचारले. मी उत्साहाने हो म्हटले आणि मागणी-पुरवठ्याच्या वक्ररेषा फळ्यावर काढू लागलो. पहिल्या रविवारी अकरा मुले होती, दुसऱ्या रविवारी सात. तिसऱ्या रविवारी चौघे आले, आणि त्यांतील एकाने आपल्या वडिलांचे ते पुठ्ठ्याचे कार्ड माझ्या टेबलावर ठेवून विचारले, “सर, हा व्याजाचा दर किती झाला?”

व्यवहार सोपा दिसत होता. कर्ज दहा हजारांचे. त्यातून हजार रुपये आधीच कापून नऊ हजार हातावर ठेवलेले. फेड रोज शंभर रुपये, शंभर दिवस. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, “नऊ हजारांवर हजार, म्हणजे अकरा टक्के. बँकेपेक्षा जरासे जास्त, इतकेच.”

श्रोतेहो, हे उत्तर चूक होते, आणि ते देणारा माणूस वीस वर्षे व्याजाची उदाहरणे शिकवीत आला होता. माझी चूक दुहेरी होती. अकरा टक्के हे शंभर दिवसांचे आहेत, वर्षाचे नव्हेत. वर्षाचे करायचे तर साडेतीन पटींहून अधिक केले पाहिजेत. म्हणजे चाळीस टक्के झाले. हे तरी एका मुलाने लगेच दाखवून दिले. परंतु दुसरी चूक सहज ध्यानात येणारी नव्हती. नऊ हजार रुपये त्या माणसाकडे शंभर दिवस राहतच नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तो ते परत करू लागतो. पन्नासाव्या दिवशी त्याच्याजवळ जवळजवळ अर्धीच रक्कम उरलेली असते, शेवटच्या आठवड्यात काही शे रुपये. सरासरीने पाहिले तर तो साडेचार हजार रुपयेच वापरतो आणि व्याज देतो नऊ हजारांवर. म्हणून दर पुन्हा दुप्पट होतो. स्थूल हिशेबाने तो वर्षाला ८१ टक्के येतो, आणि रोजच्या शिलकेवर सूक्ष्म हिशेब केला तर ७८ टक्क्यांच्या घरात बसतो. आम्ही तो हिशेब कागदावर मांडला, आणि मग, मुलांची खात्री पटेना म्हणून, नव्वद चणे एका वाटीत घेऊन रोजचा एकेक काढून पाहिला. शेवटचे दहा चणे सावकाराला खिशातून द्यावे लागतात हे पाहिल्यावर वर्ग गप्प झाला.

त्या दिवसापासून वक्ररेषा पुसल्या गेल्या, आणि वर्गाची संख्या पुन्हा वाढली.

आता कोणी म्हणेल की हे सारे हिशेबनिसाचे काम आहे. वकिलाने कायदा जाणावा, आकडे सनदी लेखापालाकडे सोपवावेत. माझे विद्यार्थीही आरंभी असेच म्हणत. या मताला थोडासा आधारही आहे, कारण मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद वाचणे हे खरोखरच वेगळे शास्त्र आहे. परंतु पांडेसऱ्यातील कामगार जेव्हा वकिलाकडे जातो तेव्हा त्याच्याजवळ लेखापालाची फी नसते. कित्येकदा वकिलाचीही नसते. त्याचा तंटा पैशाचाच असतो, आणि तो ज्याच्यापुढे बसून बोलतो त्या एका माणसालाच कायदा आणि हिशेब ही दोन्ही येत नसतील, तर त्याचा अर्धा दावा तेथेच बुडतो.

हे काही आजचे नाही. आपल्या महाराष्ट्राचाच इतिहास पाहावा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. धान्य लुटले गेले, पण त्यांचा खरा रोख होता तो वह्या आणि कर्जरोखे यांवर. ते कागद मागून घेऊन रस्त्यावर जाळण्यात आले. हा वणवा मग पुणे आणि अहमदनगर या जिल्ह्यांत पसरला. इतिहासाच्या पुस्तकांत याला दख्खनचे दंगे म्हणतात. परंतु शेतकऱ्याने कागदच का जाळले, या प्रश्नाचे उत्तर अंकगणितात आहे, आणि ते आपण पुरेसे शिकवीत नाही असे मला वाटते.

१८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला. कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा आणला नाही तर तो निकामी व्हावा, असा त्याचा रोख होता. जुनी, विस्मृतीत गेलेली कर्जे उकरून काढून सावकाराने कुळाला नागवू नये हा हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. दर तीन वर्षांनी सावकार कुळाला बोलावी आणि नवा रोखा करून घेई. त्या नव्या रोख्यात जुने मुद्दल आणि त्यावरील थकलेले व्याज मिळून एकच मुद्दल लिहिले जाई.

याचा अर्थ काय होतो तो माझ्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढावा म्हणून मी त्यांना एक उदाहरण घातले. समजा, शंभर रुपये कर्ज, व्याज दरमहा दोन टक्के, आणि कुळाने मध्ये काहीच दिले नाही. सरळ व्याजाने बारा वर्षांत ३८८ रुपये देणे होतात. हेही थोडे नव्हेत. पण दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर पहिल्या बदलाला १७२, दुसऱ्याला २९५, तिसऱ्याला ५०८, आणि बारा वर्षे पुरी होताना ८७५ रुपये होतात. आता आपल्या जुन्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचा नियम लावून पाहावा. व्याजाची रक्कम एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक वसूल करता येऊ नये असा तो नियम, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू धनको-ऋणकोंच्या बाबतीत तो मानीत असत. त्याप्रमाणे देणे २०० वर थांबते. म्हणजे तेच कर्ज, तेच कूळ, तोच सावकार. आणि देणे २००, ३८८ किंवा ८७५. यांतील कोणती रक्कम खरी, हे ठरवणारा माणूस न्यायासनावर बसलेला असतो आणि त्याला ते समजावून देणारा वकील त्याच्यासमोर उभा असतो. नव्या रोख्यात जुने व्याजच मुद्दल होऊन बसले की दामदुपटीचा नियमही लंगडा पडतो, कारण कागदावर मुद्दलच वाढलेले दिसते. ही मेख एका मुलीने स्वतःहून काढली तेव्हा मला फार आनंद झाला.

दंग्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो प्रथम होता. त्यातील एक तरतूद मी कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ करायला सांगेन. न्यायाधीशाने समोर ठेवलेल्या रोख्यावर थांबू नये. त्याच्या मागे जाऊन पहिल्या व्यवहारापासून हिशेब तपासावा, मुद्दल आणि व्याज यांची खाती वेगळी मांडावीत, आणि व्याजावर व्याज धरू नये. शेतकऱ्याला लेखी पावती, वार्षिक उतारा आणि खातेपुस्तक मागण्याचा हक्कही या कायद्याने दिला. गमतीची गोष्ट अशी की मध्यस्थांपुढील तंट्यांत आणि लहान रकमांच्या दाव्यांत या कायद्याने वकिलांना मज्जाव केला होता. ती त्या काळच्या वकीलवर्गाला मिळालेली प्रशस्ती म्हणता येणार नाही.

या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी पुण्यास विशेष न्यायाधीशाचे कार्यालय होते आणि त्या पदावर पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काम केले. १८९३ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, त्याच्या आधीची ही गोष्ट. रानडे हे न्यायाधीश होते तसेच अर्थशास्त्रज्ञही होते हे आपण सारे जाणतो. १८९२ साली डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर दिलेले व्याख्यान प्रसिद्धच आहे. पण ही दोन कामे त्यांच्या आयुष्यात दोन वेगळ्या कप्प्यांत होती असे समजणे चूक आहे. ज्याने गावोगावच्या कर्जखात्यांचे निवाडे तपासले, त्याला शेतीच्या भांडवलाचा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागला नाही.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. १९३५ साली ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या दोन गोष्टी लोकांना ठाऊक असतात. परंतु मधल्या काळात, १९२५ ते १९२८, ते बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्र शिकवणाऱ्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवीत असत, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. हिशेबनिसांना कायदा कळला पाहिजे हे त्या काळीही मानले जात होते. कायदेपंडितांना हिशेब कळला पाहिजे, ही उलट बाजू मात्र आपण अजून नीट मानलेली नाही.

कागदावर ती मानलेली आहे. भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या शिक्षणविषयक नियमांत जे प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत, त्यांतील एकाचे नावच व्यावसायिक नीती आणि व्यावसायिक हिशेबपद्धती असे आहे. नीतीचा भाग बहुधा शिकवला जातो. हिशेबाचा भाग परीक्षेच्या आदल्या रात्री वाचला जातो, असे माझे विद्यार्थी मला हसत हसत सांगतात. वास्तविक पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवणे हे वकिलाचे नियमाने ठरलेले कर्तव्य आहे. पक्षकाराची हातातील रक्कम स्वतःच्या नावे कर्ज म्हणून फिरवण्याची त्याला मनाई आहे, आणि निकालात मिळणाऱ्या रकमेचा हिस्सा फी म्हणून ठरवण्याचीही मनाई आहे. एका वहीत दोन रकाने आखून पक्षकाराचा पैसा आणि आपली फी वेगळी ठेवायला शिकवणे याला एक तास पुरतो. तो एक तास आम्ही दिला.

आता जरा आजच्या कामाकडे वळू. सुरतेच्या कापडबाजारात उधारी आणि धनादेश यांवर सारा व्यवहार चालतो. धनादेश न वटणे हा गुन्हा, हे कलम १३८ प्रत्येक विद्यार्थ्याला मुखोद्गत असते. नोटीस किती दिवसांत द्यायची, पैसे भरायला किती दिवसांची मुदत, हे तो झोपेतही सांगेल. पण आमच्याकडे कर्ज घेताना कोरा, सही केलेला धनादेश सावकाराकडे ठेवण्याची रीत आहे, आणि फेड चालू असतानाच कधीतरी तो पूर्ण रकमेचा भरला जातो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधूनच आलेल्या एका प्रकरणात असे सांगितले की, धनादेश दिल्यानंतर देण्याचा काही भाग फेडला गेला असेल आणि त्याची नोंद न करता पूर्ण रकमेचा धनादेश भरला असेल, तर त्या कलमाखालील गुन्हा होत नाही. कारण भरण्याच्या दिवशी तेवढे देणे उरलेलेच नसते. पाहा, माणूस गुन्हेगार ठरणार की नाही हे येथे एका वजाबाकीवर अवलंबून आहे. ती वजाबाकी दाखवायची तर हप्त्यांच्या पावत्या हव्यात, किंवा निदान ते पुठ्ठ्याचे कार्ड हवे. फेड संपल्यावर ते कार्ड फाडून टाकू नका, एवढे सांगायला माझे विद्यार्थी दोन रविवार घरोघर हिंडले.

हप्त्याने मिळणाऱ्या वस्तूंचेही असेच आहे. लाख रुपयांचे कर्ज, दोन वर्षे, “फक्त बारा टक्के” अशी पाटी लावलेली असते. दोन वर्षांचे चोवीस हजार व्याज आधीच मिळवून चोवीस समान हप्ते पाडले, तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. कारण कार्डाच्याच उदाहरणातील ते चणे येथेही दर महिन्याला कमी होत असतात. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी बँका आणि वित्तसंस्था यांच्यावर एक मुख्य माहितीपत्रक देण्याचे बंधन घातले आहे. त्यात सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. हप्ता चुकल्याबद्दलचा दंडही आता व्याज म्हणून मुद्दलात मिळवता येत नाही. १८७९ च्या कायद्याने जे सांगितले होते त्याच्याशी याचे नाते विद्यार्थ्यांना दाखवले म्हणजे कायदा हा केवळ कलमांचा ढीग नाही हे त्यांना उमगते. उलट, चक्रवाढ ही नेहमी सावकाराचीच बाजू घेते असेही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात लहान कारखानदाराचे पैसे थकवणाऱ्या खरेदीदाराला बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ करून व्याज द्यावे लागते. समजा, बँक दर सहा टक्के असेल तर अठरा टक्के, आणि महिन्याच्या चक्रवाढीने वर्षअखेर ते साडेएकोणीसच्या वर जाते. आपल्या अशिलाचे हे दीड टक्का कोणी मागायचे? वकिलाला ते ठाऊकच नसेल तर ते मागितलेच जात नाहीत.

आमच्या वसईकडे १९१८ साली मॉन्सिग्नोर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी ख्रिस्ती शेतकऱ्यांसाठी सहकारी पतसंस्था काढली. तिचीच पुढे बँक झाली. लहानपणी माझ्या आजोळी त्या संस्थेचे खातेपुस्तक प्रार्थनेच्या पुस्तकाशेजारी ठेवलेले असे. तेव्हा मला त्याचे नवल वाटे, आता वाटत नाही.

परंतु ज्या हिशेबाने माझे डोळे खऱ्या अर्थाने उघडले तो कर्जाचा नव्हता. एका वकिलांच्या कार्यालयात उमेदवारी करणारा माझा एक विद्यार्थी आहे. तेथे एक बाई आली. तिचा नवरा बत्तीस वर्षांचा, टेंपोवर कामाला, रस्त्यावरील अपघातात गेलेला. मागे ही बाई, दोन मुले आणि सासू. लोकअदालतीत तडजोडीसाठी अकरा लाखांचा आकडा समोर आला होता. बाईने अकरा लाख एकत्र कधी पाहिले नव्हते. ती सही करायला तयार होती. लोकअदालतीतील तडजोडीवर अपील चालत नाही, म्हणजे एकदा सही झाली की विषय संपला.

माझ्या विद्यार्थ्याने कागदावर हिशेब मांडला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा प्रकरणात आणि २०१७ च्या प्रणय सेठी प्रकरणात त्याची रीत घालून दिली आहे. महिना पंधरा हजार मिळत होते असे धरले तर वर्षाचे १,८०,०००. चाळिशीच्या आतील माणूस, कायम नोकरी नाही, म्हणून पुढील वाढीचे चाळीस टक्के मिळवायचे: २,५२,०००. चौघे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा: १,८९,०००. वय ३१ ते ३५ यांमधील, म्हणून गुणक १६. उत्तर ३०,२४,०००, आणि याखेरीज काही ठराविक रकमा. हा हिशेब त्याने चोख केला. मग त्या बाईने त्याला विचारले, “भाऊ, ते साठीपर्यंत तर काम करणारच होते. अठ्ठावीस वर्षे झाली ना? मग सोळानेच का गुणलेत? बारा वर्षे कोणी खाल्ली?”

त्याला उत्तर देता आले नाही. गुणक त्याला पाठ होता, त्यामागील कारण नव्हते. तो प्रश्न घेऊन तो माझ्याकडे आला.

श्रोतेहो, त्या बाईच्या प्रश्नात अर्थशास्त्राचा एक मोठा सिद्धान्त दडलेला आहे. आज हातात येणारा रुपया आणि वीस वर्षांनी येणारा रुपया हे सारखे नव्हेत, कारण आजचा रुपया मधल्या काळात व्याज मिळवतो. नवरा असता तर त्याची कमाई वर्षावर्षाने आली असती; भरपाई मात्र एकदम हातात पडते. ती ३०,२४,००० ची रक्कम साडेचार टक्के व्याजाने ठेवली असे समजा. पहिल्या वर्षी १,३६,०८० रुपये व्याज येईल. घराला हवेत १,८९,०००. उरलेले ५२,९२० मुद्दलातून काढायचे. दुसऱ्या वर्षी मुद्दल थोडे कमी, व्याज थोडे कमी, मुद्दलातून काढणे थोडे अधिक. असे करीत गेले तर ही रक्कम अठ्ठावीस वर्षांहून थोडी अधिकच पुरते. बारा वर्षे कोणी खाल्ली नाहीत. ती व्याजाच्या रूपाने परत येतात. न्यायालयाने ते कोष्टक केवळ याच एका सूत्राने बांधले असे मी म्हणत नाही. आयुष्याची अनिश्चितताही त्यात जमेस धरलेली आहे. पण गाभा हा आहे. आम्ही अठ्ठावीस ओळींचा तक्ता फळ्यावर लिहिला. फळा पुरला नाही, तेव्हा भिंतीवर कागद चिकटवले.

तथापि हिशेबाचे दुसरे अंग राहिलेच होते. महिना पंधरा हजार हे सिद्ध कसे करायचे? पगार रोखीने मिळे, चिठ्ठी कधी मिळाली नाही. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण किमान वेतन किंवा अंदाजी उत्पन्न धरते. ते आठ हजार धरले गेले असते तर त्याच रीतीने उत्तर १६,१२,८०० आले असते. एका कागदी चिठ्ठीच्या अभावाची किंमत चौदा लाखांहून अधिक! माझ्या विद्यार्थ्यांनी मग त्या घरातील कागद गोळा केले: भिशीची वही, खोलीभाड्याच्या नोंदी, मुलीच्या शाळेच्या पावत्या, मालकाने मोबाईलवरून धाडलेल्या काही रकमांचे उतारे. महिन्याला अमुक इतके पैसे घराबाहेर जात होते तर निदान तितके आत येत असले पाहिजेत, ही साधी जमाखर्चाची मांडणी त्यांनी वकिलांना करून दिली. वकील अनुभवी होते. त्यांनी ती नीट वापरली. खटला लांबवण्याचा धोका आणि दाव्याच्या तारखेपासून मिळू शकणारे व्याज या दोन्हींची तुलना करून शेवटी तडजोड एकवीस लाखांवर झाली. ती तीसवर का झाली नाही, असे वर्गात एकाने विचारले. हाती असलेला पुरावा तीस लाखांचा नव्हता, हे त्याचे उत्तर. हेही त्यांना शिकणे भागच होते.

त्या रकमेपैकी काही मुलांच्या नावे, ती सज्ञान होईपर्यंत, मुदत ठेवीत गेली. बाईच्या नावे सहा लाखांची ठेव झाली. अर्ज भरायला माझा विद्यार्थी तिच्याबरोबर बँकेत गेला होता. व्याज दरमहा घ्यायचे की मुद्दलात जमू द्यायचे, असा अर्जात प्रश्न होता. तिने दरमहा घ्यायचे ठरवले. सात टक्क्यांनी महिना साडेतीन हजार. तिने विचारले, “भाऊ, दहा वर्षांनीही हे साडेतीन हजारच राहतील ना?” तो म्हणाला, “हो ताई, ठेव चालू ठेवली आणि दर हाच राहिला तर एक पैसाही कमी होणार नाही.”

रविवारी तो वर्गात आला तो जरा अस्वस्थच होता. “सर,” तो म्हणाला, “मी त्यांना खरे सांगितले की खोटे?”

पुढचे दोन रविवार आम्ही दुधाचा, तुरीच्या डाळीचा आणि पांडेसऱ्यातील खोलीभाड्याचा दहा वर्षांपूर्वीचा दर शोधण्यात घालवले.